गरुड हे आडनाव आहे, कूळ नव्हे

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे आपल्या गोव्यात चोडणच्या खाडीवर दिसणारा समुद्र गरुड, मोलेच्या जंगलातला सर्पगरुड आणि थंडीत करमळीच्या तळ्यावर येणारे ते तपकिरी गरुड हे एकमेकांचे नक्की कोण लागतात, आणि यांची शास्त्रीय नावं डीएनए बघून बदलली असं म्हणतात तर म्हणजे नेमकं काय करतात. दुसरं म्हणजे म्हापशाच्या बाजारामागे तुम्हाला एक मोठं पीस सापडलंय, ते लॅबमध्ये देऊन कुठल्या गरुडाचं ते कळेल का. पिसाचं शेवटी सांगतो, कारण त्यात थोडी कायद्याची भानगड पण आहे. मी वीसेक वर्षं पक्ष्यांच्या डीएनएवर काम करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. गरुड असं एक घराणं नाहीच. आपल्याकडे नाईक आडनावाचा माणूस भेटला तर नुसत्या आडनावावरून तुम्हाला काय कळतं? काहीच नाही. डझनभर वेगवेगळ्या समाजांत नाईक आहेत, म्हणून तर म्हातारी माणसं लगेच विचारतात, तुमचें कुळदैवत खंयचें, म्हणजे कुठलं. गरुडाचं तसंच आहे. मोठा आकार, आकडा चोच, जाडजूड नख्या आणि स्वतः मारून खाणारा, एवढं जमलं की माणसाने त्याला गरुड म्हटलं. ही कामाची ओळख झाली, रक्ताची नाही. डीएनए म्हणजे कुळदैवत विचारणं.

आणि विचारल्यावर काय निघालं ते मजेशीर आहे. तो पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, किनाऱ्यावरचा सगळ्यात रुबाबदार पक्षी, तो घारींच्या घरचा आहे. म्हणजे मासळी बाजारावर घिरट्या घालणारी काळी घार आणि खाडीवरची तांबूस ब्राह्मणी घार ही त्याची जवळची भावंडं, डोंगरातला काळा गरुड त्याला कितीतरी लांबचा. सर्पगरुड आणि सापमार गरुड हे तिसरीकडचेच, त्यांची सगळ्यात जवळची सोयरीक गिधाडांशी आहे. हो, गिधाडांशी. आणि ज्यांच्या पायावर बोटांपर्यंत पिसं असतात ते, म्हणजे बोनेलीचा गरुड, बूटेड ईगल, ठिपक्यांचे गरुड, काळा गरुड, तुरेवाला हॉक-ईगल, हे सगळे मिळून एक वेगळं घराणं. दक्षिण अमेरिकेतला हार्पी ईगल अजून चौथ्या ठिकाणी. ही सगळी मंडळी एकाच मोठ्या कुटुंबात येतात हे खरं, पण त्याच कुटुंबात शिक्रा, भोवत्या, घारी, गिधाडं पण आहेत, त्यामुळे फक्त गरुड तेवढे वेगळे काढून एक गट करता येत नाही.

गिधाडांची पण गंमत ऐका. पांढरं गिधाड, ज्याला इजिप्शियन व्हल्चर म्हणतात, आणि हिमालयातलं दाढीवालं गिधाड हे दोघं बाकीच्या गिधाडांच्या फांदीवर नाहीतच, ते झाडाच्या बुंध्याजवळ वेगळे फुटलेत. म्हणजे मेलेलं खाणं आपल्या बाजूच्या जगातच दोनदा सुरू झालं. अमेरिकेतली गिधाडं तर आणखी तिसरी.

आता हे कळतं कसं. घुमट आरत्यांच्या वह्या आठवा. चवथीला घरोघर ज्या वह्या बाहेर निघतात त्या कुणीतरी कुणाच्या तरी वहीवरून हाताने उतरवलेल्या असतात. उतरवताना चुका होतात, एखादी ओळ गळते, एखादा शब्द वेगळाच लिहिला जातो, आणि पुढचा माणूस ती चूक तशीच उतरवतो. समजा एका वाड्यावरच्या दहा वह्या तुम्ही समोर मांडल्या आणि त्यातल्या तीन वह्यांत तिसऱ्या कडव्यात तीच चूक आहे, तर त्या तीन वह्या एकाच वहीवरून उतरल्यात हे सांगायला कुणा पंडिताची गरज नाही. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली असली वही, आई-बाप पिल्लासाठी उतरवून देतात आणि मधूनमधून अक्षर चुकतं. आम्ही वेगवेगळ्या जातींच्या वह्यांतलं तेच पान काढतो, ओळीखाली ओळ लावतो आणि चुका बघतो.

यात एक खोच आहे जी नवीन पोरांच्या लक्षात येत नाही. दोन वह्या खूप सारख्या आहेत म्हणून त्या जवळच्या, असं नसतं. मूळ वहीतला जो मजकूर कुणीच बिघडवला नाही तो सगळ्यांत सारखाच असणार, त्यावरून नातं कळत नाही. नातं कळतं ते सामायिक चुकांवरून. मग चूक कुठली आणि मूळ कुठलं हे कसं ठरवायचं? तर बाहेरच्या गावची एक वही आणायची. गरुडांच्या बाबतीत आम्ही बहुतेक वेळा ऑस्प्रे घेतो, तोच जो थंडीत आपल्या खाड्यांवर मासे उचलताना दिसतो. तो या कुटुंबाच्या जवळचा पण कुटुंबाबाहेरचा. त्याच्या वहीत जे अक्षर आहे ते बहुधा जुनं, जे बदललंय ते नवं.

सुरुवातीला म्हणजे १९९० च्या दशकात सगळं काम मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतली छोटी वीजघरं, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो) सायटोक्रोम-बी नावाच्या जीनवर चालायचं. पक्ष्यांत तो साधारण ११४३ अक्षरांचा, एका पेशीत त्याच्या भरपूर कॉप्या असतात म्हणून जुन्या वाळक्या सॅम्पलमधून पण निघतो. नंतर न्यूक्लियर जीन, म्हणजे पेशीच्या केंद्रकातल्या (न्यूक्लियस) मुख्य डीएनएतले, जोडले गेले, आणि २००५ साल या विषयात मोठं ठरलं कारण त्या एका वर्षात दोन मोठे पेपर आले. लर्नर आणि मिंडेल यांनी गरुड, गिधाडं आणि बाकी कुटुंब एकत्र घेऊन झाड काढलं. हेल्बिग आणि मंडळींनी पायात पिसांचे बूट घातलेल्या गरुडांवरच काम केलं आणि जुनी नावं कशी विस्कटलेली आहेत ते दाखवलं. तुमच्या नावं बदलण्याच्या तक्रारीचं मूळ बरंचसं तिथे आहे.

उदाहरणंच देतो. बोनेलीच्या गरुडाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द जुन्या पुस्तकांत हायराएटस असायचा, तो प्रत्यक्षात सोनेरी गरुडाच्या फांदीवर निघाला म्हणून आता अक्विला. उलट ठिपक्यांचे गरुड, जे दिसायला अगदी पठडीतले अक्विला, ते निघाले आपल्या काळ्या गरुडाच्या आणि आफ्रिकेतल्या लांब शेंडीवाल्या गरुडाच्या जवळचे, म्हणून त्यांना क्लँगा हे वेगळं नाव. म्हादईच्या जंगलावरून संथपणे तरंगत जाणारा तो काळा गरुड बघा, लोक त्याला इतका वेगळा समजायचे, आणि त्याचे भाऊबंद करमळीला शेतातल्या पाण्यात बसलेले आढळतात. तांबड्या पोटाचा छोटा गरुड तर कुणाच्याच घरात नीट बसेना, त्याला लोफोट्रायॉर्किस म्हणून स्वतंत्र खोली द्यावी लागली.

तुरेवाल्या हॉक-ईगलचं नाव आधी स्पायझाएटस होतं. हा पक्षी आपल्या जंगलांत बऱ्यापैकी दिसतो, डोक्यावर ती लांब शेंडी. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात पण असेच शेंडीवाले, रुंद पंखांचे, दाट झाडीत दबा धरून बसणारे गरुड आहेत म्हणून सगळे एकाच नावाखाली होते. २००७ मध्ये हॅरिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे दोन गट वेगळ्या वाटेने आलेत, जंगलात शिकार करायची तर आखूड रुंद पंख आणि लांब शेपूट सोयीचं पडतं म्हणून दोन्हीकडे तेच अंग घडलं. आशियातले मग निसाएटस झाले. मंगेशी आज प्रियोळला आहे म्हणून देव मूळ प्रियोळचा असं कुणी म्हणत नाही, कुठ्ठाळीहून आला हे पोराटोरांना माहीत असतं. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र आज दिसतं त्यावरूनच दोनशे वर्षं मूळ ठरवत होतो.

तसा यात जुन्यांचा दोष नाही. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये सोनेरी गरुड, घार, ससाणा सगळं फाल्को या एकाच नावाखाली टाकलं होतं, त्याच्या हातात कातडी आणि चोच एवढंच होतं. सर्पगरुडाच्या शास्त्रीय नावात चीला आहे ना, ते हिंदीतल्या चील वरून, म्हणजे घार! आणि फाल्को वरून आठवलं, ससाणे. २००८ मध्ये १६९ जातींचे १९ जीनभाग घेऊन एक मोठं काम झालं त्यात ससाणे गरुडांपासून तुटून पोपट आणि चिमण्या-बुलबुलांच्या बाजूला गेले. मला आठवतं, आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी सरळ म्हटलं की काहीतरी गडबड झाली असणार. मग २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे आख्ख्या वह्या, आले, त्यात दोन समुद्र गरुड पण होते, तरी ससाणा पोपटांच्याच शेजारी. आता ते कुणी नाकारत नाही.

माझा सगळ्यात आवडता किस्सा न्यूझीलंडचा. तिथे हास्टचा गरुड म्हणून एक राक्षस होता, वजन १० ते १५ किलो, मोआ नावाच्या प्रचंड न उडणाऱ्या पक्ष्यांची शिकार करायचा, माणसं तिथे पोचल्यावर मोआ संपले आणि हा पण गेला. १८७२ मध्ये त्याला हार्पागॉर्निस असं भारदस्त नाव दिलेलं. २००५ मध्येच हाडांतून जुना डीएनए काढला तर तो कुणाचा निघावा? ऑस्ट्रेलियातला लिटल ईगल आणि आपला बूटेड ईगल यांचा. बूटेड ईगल म्हणजे किलोभर वजनाचा पक्षी, थंडीत पठारावर घारींच्या घोळक्यात मिसळलेला असतो आणि आपण घार समजून सोडून देतो, त्याचा हा भाऊ. वेगळं व्हायला लागलेला काळ पहिल्या हिशेबात सात ते अठरा लाख वर्षं आला, नंतर जास्त डेटा घेऊन केलेल्या कामात बावीस लाखांच्या आसपास. भूवैज्ञानिक हिशेबात हे काहीच नाही. बेटावर दुसरा मोठा शिकारी नाही, खायला मोआ, मग अंग वाढायला किती वेळ लागतो ते बघा. आता त्याचं नाव हायराएटस मूरी.

फिलिपिन्सचा माकडखाऊ गरुड असाच. एवढा मोठा, डोक्यावर आयाळ, लोक त्याला हार्पीचा भाऊ समजायचे. निघाला सर्पगरुडांच्या घरातला. म्हणजे मोलेच्या रस्त्याकडेला तारेवर बसून ओरडणारा आपला सर्पगरुड त्याच्या जास्त जवळचा. हार्पीचा खरा नातेवाईक न्यू गिनीत बसलाय.

एवढं ऐकून वाटेल की डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य. नाही हो. इथे जरा थांबून सांगतो कारण लोक इथेच फसतात.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. त्यामुळे नुसत्या त्याच्यावरून काढलेलं झाड म्हणजे आजी-पणजीचं झाड, बापाकडची बाजू त्यात दिसतच नाही. युरोपात मोठा ठिपक्यांचा गरुड आणि छोटा ठिपक्यांचा गरुड यांचे संकर होतात, पोलंड, एस्टोनिया या बाजूला. असल्या संकर पिल्लाचा फक्त मायटोकॉन्ड्रिया तपासला तर ते आईच्या जातीचं शुद्ध पिल्लू म्हणून पास होईल. वहीच्या भाषेत, अर्धी वही एका घरून उतरवलेली, अर्धी दुसऱ्या, आणि तुम्ही फक्त पहिलं पान बघितलं. आणि संकर नसला तरी वेगवेगळे जीन वेगवेगळं झाड देऊ शकतात. तीन जाती पटापट एकामागून एक फुटल्या असतील तर मूळ लोकसंख्येत एका जीनचे जे दोन-तीन प्रकार फिरत होते ते कुणाच्या वाट्याला कसे गेले हा निव्वळ नशिबाचा भाग असतो. म्हणून आता शेकडो-हजारो जीनभाग घेऊन बहुमत बघतात.

दुसरा सापळा, मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे कधीकाळी न्यूक्लियसमध्ये जाऊन चिकटलेले असतात. पीसीआरमध्ये (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर कॉप्या काढायची पद्धत) चुकून तो तुकडा उचलला गेला तर तुम्हाला एक नवीकोरी जात सापडल्याचा आनंद होतो, दोन दिवस टिकतो. बरं, या पक्ष्यांच्या मायटोकॉन्ड्रियात जीनचा क्रम पण कोंबडीपेक्षा वेगळा आहे, कंट्रोल रीजन नावाचा जीन नसलेला भाग हलवलेला आणि त्याची एक बनावट जुळी प्रत शेजारी, त्यामुळे कोंबडीसाठी बनवलेले प्रायमर (कॉपी कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) आंधळेपणाने वापरले तर डोकं धरून बसायची वेळ येते.

कोंबडीवरून माझीच फजिती सांगतो. एका जखमी गरुडाचा तोंडातून घेतलेला स्वॅब माझ्याकडे आला होता, मी उत्साहाने सिक्वेन्स काढला, निकाल आला शंभर टक्के कोंबडी. ज्यांनी पाठवला त्यांनी सॅम्पल घ्यायच्या आधी त्याला जेवायला घातलं होतं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न तोच विचारतो, जेवला का.

भारतातल्या नावांवर याचा थेट परिणाम झालाय. आपल्याकडचा छोटा ठिपक्यांचा गरुड हा युरोपातल्या छोट्याची उपजात मानायचे. आधी हाडं आणि पिसं बघून तो वेगळा म्हटला गेला, मग २००६ मध्ये मायटोकॉन्ड्रियाने पण तेच सांगितलं, आता तो इंडियन स्पॉटेड ईगल, क्लँगा हस्ताटा, स्वतंत्र जात. जात स्वतंत्र झाली की त्याची संख्या वेगळी मोजावी लागते, आणि मोजल्यावर कळतं की हा पक्षी किती थोडा उरलाय, तोपर्यंत युरोपातल्या आकड्यांच्या मागे तो झाकलेला होता. माझ्या मते वर्गीकरणाचा खरा उपयोग तो. दक्षिणेकडच्या सह्याद्रीतला आणि श्रीलंकेतला लेगेचा हॉक-ईगल असाच हिमालयातल्या भावापासून वेगळा काढला गेला.

समुद्र गरुडांत उलटं झालं. सॉलोमन बेटांवरचा सॅनफर्डचा समुद्र गरुड रंगाने आपल्या पांढऱ्या पोटाच्या गरुडापेक्षा एकदम वेगळा, सगळा तपकिरी, पण डीएनएत अगदी थोडा फरक, म्हणजे रंगावर किती विश्वास ठेवायचा ते कळलं. आणि समुद्र गरुडांच्या दोन फांद्या निघाल्या, थंड प्रदेशातली आणि उष्ण प्रदेशातली. तलाव-नद्यांवरचे राखाडी डोक्याचे मत्स्य गरुड या उष्ण फांदीच्या मधोमध बसले. म्हणून काही याद्यांत आता आपला समुद्र गरुड हॅलिएटस सोडून इक्थियोफागा झालाय. तुमच्या अॅपमध्ये एक आणि पुस्तकात दुसरं दिसतंय ते यामुळे. दोन्ही एकच पक्षी आहे, घाबरू नका. शिक्र्याचं अॅक्सिपिटर जाऊन टॅकिस्पायझा झालं ती पण हीच कथा, तिथे तर आख्खं मोठं घर फुटून पाच-सहा चुली झाल्या.

मला विचाराल तर नावं पाठ करण्यात अर्थ नाही. इंग्रजी किंवा मराठी नाव डायरीत लिहा, तारीख आणि जागा लिहा, शास्त्रीय नाव नंतर कुणीही जुळवून देईल. फांदी कुठली ते मात्र लक्षात ठेवा, कारण त्याने मैदानात पक्षी ओळखायला मदत होते. पाय बघा. बोटांपर्यंत पिसं असतील तर बूटवाल्यांचं घराणं. पाय उघडे आणि जाड खवले असतील तर सर्पगरुड किंवा समुद्र गरुड, सापाच्या दंशापुढे आणि निसरड्या माशापुढे पिसांचा काय उपयोग.

आता तुमचं पीस.

पिसातून डीएनए निघतो. लोक फक्त टोकाकडचा बुडखा कापून देतात, पण चांगला माल बऱ्याचदा वर असतो, दांड्यावर जिथून पिसाचा पंखा सुरू होतो तिथे एक बारीक छिद्र असतं आणि आत वाळलेल्या रक्ताचा ठिपका. इंपीरियल ईगलच्या गळलेल्या पिसांवर काम करताना २००५ मध्ये हे नीट दाखवलं गेलं (बघा, परत तेच वर्ष). पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत न्यूक्लियस असतो, आपल्यात नसतो, म्हणून तेवढा ठिपका पुरतो. जात कळते, आणि नर का मादी ते पण कळतं कारण पक्ष्यांत मादीकडे दोन वेगळे क्रोमोसोम असतात, झेड आणि डब्ल्यू, नराकडे दोन्ही झेड. फक्त शिकारी पक्ष्यांत नेहमीच्या प्रायमरने झेड आणि डब्ल्यूचे जे दोन पट्टे दिसतात त्यांतला फरक फार बारीक येतो, दुसरी जोडी वापरावी लागते. पण आपल्या पावसात दोन दिवस भिजलेलं पीस असेल किंवा उन्हात महिनाभर पडलेलं असेल तर आशा सोडा. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा, घाम धरून बुरशी येते, कोरडा कागदी लिफाफा हवा.

कायद्याची गोष्ट अशी की वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात संरक्षित पक्ष्याचं पीस पण येतं, सापडलं म्हणून घरी ठेवता येत नाही. वनखात्याला कळवा, पीस त्यांच्याकडे द्या. टेस्टसाठी पाठवायचं तरी परवानगी त्यांच्याकडूनच जाते, हैदराबाद किंवा डेहराडूनच्या सरकारी लॅब अशी कामं करतात पण रस्त्यात सापडलेल्या एका पिसासाठी कुणी मशीन लावणार नाही.

त्याआधी एक फुकटचं काम करा, बाजूला पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा. तुम्ही लिहिलंय वीत-सव्वा वीत लांब, फिकट तपकिरी, पुसट आडवे पट्टे, आणि सापडलं मासळी बाजाराच्या मागे. मला विचाराल तर काळ्या घारीच्या शेपटीचं आहे. निराश होऊ नका, समुद्र गरुडाच्या घरचंच आहे.